ट्रकसारखी प्रतिकृती, ट्रकसारखी सायकल

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. प्रतिकृतींचे मात्र सहसा कोणी करत नाही. प्रतिकृती हुबेहूब दिसली आणि बटण दाबल्यावर चालली की टाळ्या पडतात, आणि शाळेचे प्रदर्शन असेल तर बक्षीसही मिळते. पण प्रतिकृती हेही एक प्रकारचे लेखनच आहे. मूळ वस्तूबद्दल ती काहीतरी सांगत असते, काही गाळत असते आणि कधीकधी चुकीचेही सांगते. म्हणून एका गाजलेल्या प्रतिकृतीचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत.

ही प्रतिकृती म्हणजे जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेला 'किंग हॉलर' हा ट्रक. प्रमाण १:१४. रेडिओने चालवायचा, सुटे भाग जोडून आपणच तयार करायचा. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या ट्रकची ही नक्कल नाही. पुढे लांब बॉनेट आणि मागे जोडचाकांचे दोन आस असलेला जुना अमेरिकी ट्रॅक्टर-ट्रक जसा असतो, तसा हा आहे.

आधी त्याचे गुण सांगू. याचा सांगाडा शिडीसारखा आहे: दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चाकांवर भार घेणारे स्प्रिंगचे पाटे धातूचे आहेत. मोटरचा जोर गिअरबॉक्समधून, फिरत्या दांड्यामधून मागच्या आसांवरील डिफरन्शियलपर्यंत जातो. खऱ्या ट्रकमध्येही जोर याच वाटेने जातो. ज्या विद्यार्थ्याने स्क्रू पिळून हे सारे जोडले, त्याला वळणावर बाहेरचे चाक जास्त का फिरते हे वेगळे शिकवावे लागणार नाही. डिफरन्शियलचा असा जिवंत धडा आम्हांला दुसऱ्या कोणत्या खेळण्यात दिसलेला नाही.

संचाची खरी शान मात्र त्याचा तीन गिअरचा गिअरबॉक्स. रेडिओ नियंत्रकावरील एका स्वतंत्र वाहिनीने छोटी सर्व्हो मोटर हलते आणि गाडी चालू असताना गिअर बदलतो. आमची तक्रार नेमकी येथे सुरू होते. तिच्यासाठी आधी खरा गिअरबॉक्स पाहायला हवा.

खऱ्या ट्रकला इतके गिअर कशाला?

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कॅलमझू गावच्या फुलर कंपनीचे (१९५८ पासून ही ईटन कंपनीची झाली) 'रोडरेंजर' गिअरबॉक्स लांब पल्ल्याच्या ट्रकांत सर्वत्र दिसत. त्यांपैकी तेरा गिअरचा एक नमुना घेऊ. त्याच्या सर्वांत खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे १२.३ फेरे झाले की बाहेरच्या दांड्याचा एक फेरा होतो. सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ०.७३ फेऱ्यातच बाहेरचा एक फेरा होतो. या दोन टोकांचे गुणोत्तर जवळजवळ १७ आहे.

एवढा पल्ला का लागतो? अमेरिकेत महामार्गावर भरलेल्या ट्रकचे कमाल वजन सर्वसाधारणपणे ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन असते. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २१,००० न्यूटन बल लागते. ताशी ९० किलोमीटरने हा चढ चढायचा तर ५०० किलोवॉटहून अधिक शक्ती हवी. इंजिन असते ३०० किलोवॉटचे, म्हणजे साधारण ४०० अश्वशक्तीचे. घर्षण शून्य धरले तरी वेग ताशी ५१ किलोमीटरच्या वर जाणार नाही. प्रत्यक्षात तो चाळिशीच्या आसपास येतो. चालकाला खालच्या गिअरमध्ये यावेच लागते.

पण खाली यायचे तर दोन-तीन गिअर पुरेसे नाहीत का? नाहीत, कारण डिझेल इंजिनाचा स्वभाव. मोठे डिझेल इंजिन मिनिटाला साधारण १२०० ते १८०० फेऱ्यांच्या पट्ट्यात नीट काम करते. त्याखाली ते गुदमरते, त्यावर इंधन वाया घालवते. हा पट्टा अवघा दीडपट आहे. म्हणजे एका गिअरवरून दुसऱ्यावर जाताना गुणोत्तर दीडपटीहून जास्त बदलता कामा नये. थोडी जागा राखून १.४ पटीची पायरी धरा. अशा आठ पायऱ्यांचा गुणाकार १४.८ येतो आणि नऊ पायऱ्यांचा २०.७. पल्ला तर १७ चा. म्हणून निदान नऊ पायऱ्या, म्हणजेच दहा गिअर हवेत. भूमिती श्रेढी शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

मग तेरा गिअर म्हणजे पेटीत दातेरी चाकांच्या तेरा जोड्या का? नाही, आणि या यंत्राची खरी कल्पकता येथेच आहे. मुख्य पेटीत एक 'लो' आणि चार नेहमीचे असे पाचच गिअर असतात. तिच्या मागे जोडलेल्या छोट्या पेटीत 'रेंज' असते: खालची व वरची. चार गिअर खालच्या रेंजमध्ये एकदा वापरायचे, मग मुठीवरील बटण बदलून तेच चार वरच्या रेंजमध्ये पुन्हा वापरायचे. वरच्या रेंजमध्ये आणखी एक सोय असते, 'स्प्लिटर'. तो प्रत्येक पायरीचे दोन भाग करतो. हिशेब असा: १ लो, अधिक ४ खालचे, अधिक ४ गुणिले २ वरचे, एकूण १३. अर्धी पायरी म्हणजे १.४ चे अर्धे नव्हे, तर त्याचे वर्गमूळ, सुमारे १.१८. गुणोत्तरांच्या जगात अर्धे म्हणजे वर्गमूळ, हे या पेटीतून कळते.

याआधीच्या काळात मॅक कंपनीच्या बी मालिकेतील (१९५३ ते १९६६) काही ट्रकांत मुख्य आणि साहाय्यक पेटीसाठी चक्क दोन वेगळे दांडे असत. कधी दोन्ही एकाच वेळी हलवावे लागत आणि त्यासाठी चालक स्टिअरिंगच्या चाकातून हात घालत असे.

रोडरेंजरमध्ये दातेरी भागांचे वेग आपोआप जुळवून देणारी यंत्रणा मुख्य पेटीत नसते. हे काम चालक करतो. स्प्लिटर न वापरता पूर्ण पायरी वर जायची तर १८०० फेऱ्यांवरचे इंजिन सुमारे १३०० वर उतरेपर्यंत थांबायचे. खाली यायचे तर ॲक्सिलरेटर दाबून फेरे वाढवायचे आणि मग दांडा सरकवायचा. चुकले तर दात कर्रकन ओरडतात. चालक हे गुणोत्तर कानाने मोजत असतो. आता अनेक नव्या ट्रकांत हे काम संगणक करतो, पण वेग जुळवण्याची गरज संपलेली नाही.

प्रतिकृतीत काय हरवले?

किंग हॉलरमध्ये डिझेल इंजिन नाही, विजेची छोटी मोटर आहे. तिचा फिरवण्याचा जोर (परिबल) सर्वांत जास्त असतो तो ती थांबलेली असताना! डिझेल इंजिन थांबलेले असताना काहीच ओढू शकत नाही. म्हणून तर क्लच लागतो. मोटरला क्लच नको आणि अरुंद पट्ट्याची अडचणही नाही. तीन गिअरमुळे ओढ आणि वेग यांची देवाणघेवाण होते हे खरे, आणि तेवढा धडा प्रामाणिक आहे. पण एकाच गिअरवरही हा ट्रक मजेत चालला असता. गिअरबॉक्स ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्नच येथून नाहीसा झाला आहे.

दुसरे, येथे गिअर सहज बदलतो. यात कारागिरीइतकाच आकाराचाही वाटा आहे. लांबी १४ पट कमी झाली की क्षेत्रफळ १९६ पट आणि घनफळ, म्हणून वजनही, २७४४ पट कमी होते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांच्या उदाहरणाने मांडलेली ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण फिरत्या वस्तूचे जडत्व वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग या प्रमाणात असते, म्हणजे लांबीच्या पाचव्या घाताने बदलते. १४ चा पाचवा घात ५,३७,८२४! पदार्थ तोच धरला तर प्रतिकृतीतील चाकांचे फिरते जडत्व पाच लाख पटींहून कमी. ती चाके क्षणात एकमेकांच्या वेगाशी जुळतात. ट्रकचालक जे कसब वर्षानुवर्षे कमावतो, त्याची येथे गरजच उरत नाही.

तिसरा प्रश्न वेगाचा. ताशी ९० किलोमीटरने जाणारा ट्रक १:१४ मध्ये किती वेगाने जावा? छंद करणारे ९० ला १४ ने भागतात: ६.४ किलोमीटर. पण हिंदकळणे, घसरणे, उसळणे हे गुरुत्वाकर्षणामुळे घडते, आणि ते काही १४ पट कमी होत नाही. जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करणाऱ्या विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात जो नियम वापरला, त्याप्रमाणे वेगाला लांबीच्या वर्गमुळाने भागायला हवे. १४ चे वर्गमूळ ३.७४, म्हणून वेग २४ किलोमीटर. पहिला वेग डोळ्यांना बरोबर वाटतो, दुसरा गतिशास्त्राला. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. म्हणून तर चित्रपटांत छोट्या प्रतिकृतींचे चित्रण जास्त वेगाने करून पडद्यावर सावकाश दाखवतात. आमचा आक्षेप प्रतिकृतीला ही मर्यादा आहे यावर नाही. ती कुठेच सांगितलेली नसते यावर आहे.

मोठी केली तर?

युरोप-अमेरिकेत काही हौशी मंडळी माणूस वर बसून चालवू शकेल अशा प्रतिकृती बनवतात. १:४ प्रमाण घेऊन पाहा. ३६ टनांचे ६४ पट कमी, म्हणजे सुमारे ५६० किलो. फ्रूडच्या नियमाने शक्ती लांबीच्या साडेतीनाव्या घाताने बदलते, म्हणजे ३०० किलोवॉटचे १२८ पट कमी, सुमारे २.३ किलोवॉट. हे तर तीन अश्वशक्तीचे छोटे इंजिन! ते बसवले की त्याला थांबलेल्या स्थितीतून ओढता येत नाही, क्लच लागतो, पट्टा पुन्हा मर्यादित होतो आणि गिअर खरोखर हवेसे होतात. दातांचा आकारही कारखान्यात सहज कापता येईल इतका राहतो. म्हणजे मोठ्या प्रतिकृतीचा मोठेपणा केवळ मिरवण्याचा नाही; तिच्यात मूळ प्रश्न परत येतो. मात्र आठ टनांचा नुसता ट्रॅक्टर येथे १२५ किलोचा होईल आणि वर बसणारा चालक सत्तर किलोचा असेल. चालकाला चौपट लहान करता येत नाही!

अर्थात अशी प्रतिकृती काय किंवा किंग हॉलर काय, आपल्या बहुतेक शाळांच्या आवाक्यातले नाही. मग शिक्षकांनी काय करावे? शाळेच्या सायकल-स्टँडवर एखादी १८ किंवा २१ गिअरची सायकल उभी असेल, ती वर्गात आणावी. आमच्या मते ट्रकच्या गिअरबॉक्सची ती किंग हॉलरहून सरस प्रतिकृती आहे.

माणसाचे पाय मिनिटाला साधारण ६० ते ९० फेऱ्यांत आरामात काम करतात. हा पट्टाही दीडपट, डिझेल इंजिनासारखाच! म्हणूनच चढावर गिअर लागतात. पुढे तीन आणि मागे सात चकत्या म्हणजे रेंज आणि मुख्य पेटीचाच गुणाकार. सगळे दात उघड्यावर, मोजता येण्याजोगे. मुलांना एकवीसही गुणोत्तरे काढून चढत्या क्रमाने लावायला सांगा. कित्येक जोड्या जवळजवळ सारख्याच आढळतील. एकवीस गिअर म्हणजे एकवीस वेगळे वेग नव्हेत हे त्यांना स्वतःच कळेल, आणि रोडरेंजरच्या रचनाकाराने स्प्लिटर फक्त वरच्या रेंजमध्ये का ठेवला, हा प्रश्नही विचारता येईल.

सायकलही सर्व काही सांगत नाही, हेही त्याच तासाला सांगावे. पाय थांबलेल्या पेडलवरही जोर देऊ शकतात, म्हणून क्लचचा धडा सायकलवर मिळणार नाही. डिफरन्शियलचा तर नाहीच. तेथे किंग हॉलर कितीतरी पुढे आहे.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात 'ही प्रतिकृती चालते का?' या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: ही कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते? आणि खऱ्या वस्तूतले काय हिच्यात नाही? दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याची प्रतिकृती ऐनवेळी बंद पडली, तरी त्याचे गुण कापू नयेत.