गाठ, नोंद आणि निदान : लॅथ्रॉप–लोएब लेखमालेचे मूल्यमापन

पाळीव उंदरांतील अर्बुदांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना अ‍ॅबी लॅथ्रॉप यांची ओळख अनेकदा ‘प्रयोगशाळांना उंदीर पुरविणारी बाई’ एवढ्यावरच संपते. ही ओळख अपुरी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ग्रॅन्बी येथे या माजी शिक्षिकेने १९०० च्या सुमारास हौशी लोकांसाठी उंदीर पाळण्याचा व्यवसाय सुरू केला. १९०८ मध्ये काही उंदरांच्या अंगावर विकृती दिसल्यावर त्यांनी नमुने संशोधकांकडे पाठविले. लिओ लोएब यांनी तो स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान केले.

निदान लोएब यांचे, पण ‘हे नेहमीचे नाही’ ही पारख लॅथ्रॉप यांची. उंदराच्या मादीत स्तनऊती मानेपासून मांडीपर्यंत पसरलेली असते. त्यामुळे खांद्याजवळची गाठही स्तनाची असू शकते किंवा तो नुसता गळूही असू शकतो. घुशीसारख्या मोठ्या पाळीव रॅटमध्ये अशी गाठ बहुधा सौम्य असते, लहान उंदरात बहुधा घातक. बोटांना लागते ती गाठ. तिचे स्वरूप ठरते ते सूक्ष्मदर्शकाखाली. उर्दूत ‘रसौली’ आणि ‘सरतान’ हे शब्द वेगळे आहेत. मराठीतही ‘गाठ’ आणि ‘कर्करोग’ यांत हाच विवेक पाळला पाहिजे.

१९१५ च्या संयुक्त लेखात लॅथ्रॉप यांचे नाव आधी आहे. घराण्यागणिक अर्बुदांचे प्रमाण आणि ती उद्भवण्याचे वय यांची तुलना, तसेच पुढील लेखात बीजांडकोश लवकर काढल्यास प्रमाण घटते हे दाखविणे, ही या मालेची खरी कमाई होय. ती वर्षानुवर्षांच्या नोंदींवाचून शक्य नव्हती. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. घराण्याघराण्यांतील फरक म्हणजे केवळ आनुवंशिकता, असे आज म्हणता येत नाही. मातेच्या दुधातूनही रोगकारक घटक पिलांकडे जातो, हे जॉन बिट्नर यांनी १९३६ मध्ये दाखविले. तो घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले.

तरीही निष्कर्ष दुरुस्त झाले म्हणून नोंदींचे मोल घटत नाही. नोंदी होत्या म्हणूनच दुरुस्तीला आधार मिळतो. विद्यार्थ्याच्या प्रकल्पवहीत निष्कर्ष पाहण्याआधी निरीक्षणाची तारीख पाहावी, हा धडा १९१८ मध्ये निवर्तलेल्या या शिक्षिकेकडून घेण्यासारखा आहे.