गॅलरींतील पत्रक आणि कायद्याचें क्रियापद

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत एका ग्रामीण पुढाऱ्याच्या विधिमंडळांतील व संसदेंतील कार्याची चिकित्सा कां यावी, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आरंभींच देणें बरें. सभागृहांत जें बोललें जातें तेंही गद्यच होय. त्यास विषय असतो, रचना असते, श्रोता असतो आणि विशिष्ट परिणाम साधण्याचा हेतु असतो. मग कादंबरीस व निबंधास जी कसोटी आपण लावतों, ती या गद्यास कां लावूं नये? उलट येथें ती अधिक कडक असली पाहिजे. कारण येथील शब्द फसला तर त्याचें नुकसान वाचकाच्या रसिकतेस होत नाहीं, तें एखाद्या तालुक्याच्या उन्हाळ्यास सोसावें लागतें.

आमच्यापुढें उदाहरण आहे तें नगर जिल्ह्यांतील (आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील) पाथर्डीचे कै. बबनराव ढाकणे यांचें. १९३७ सालीं त्याच तालुक्यांतील अकोला या गांवीं जन्मलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें निवर्तलेल्या या गृहस्थांचा सार्वजनिक प्रवास मोठा बोधप्रद आहे. १९६८ सालीं त्यांनीं विधानसभेच्या प्रेक्षक-गॅलरींतून आपल्या तालुक्याच्या प्रश्नांचीं पत्रकें सभागृहांत भिरकावलीं आणि त्याबद्दल कारावास भोगला. दहा वर्षांनीं, १९७८ मध्यें, ते त्याच विधानसभेंत सभासद म्हणून बसले. १९८१-८२ मध्यें विरोधी पक्षनेते झाले. १९८९ मध्यें बीडमधून जनता दलाच्या वतीनें लोकसभेवर गेले आणि श्री. चंद्रशेखर यांच्या मंत्रिमंडळांत ऊर्जा खात्याचे राज्यमंत्री झाले. ज्या सभागृहानें ज्यास दंडिलें, त्याच सभागृहानें त्यास तेरा-चौदा वर्षांत विरोधी बाकांचा अग्रणी म्हणून मानावें, ही घटना लोकशाहीस भूषणावह खरीच. परंतु टीकाकाराचें काम भूषणें मोजून संपत नाहीं.

प्रथम तो मुलूख पाहूं. सह्याद्रीनें पावसाळी ढग अडविल्यावर पूर्वेस जो पर्जन्यछायेचा पट्टा उरतो, त्यांत पाथर्डी येते. गर्भगिरीच्या डोंगररांगा, मढी, मोहटा, भगवानगड हीं श्रद्धास्थानें आणि त्यांच्या पायथ्याशीं बाजरी, तूर, कपाशी यांचीं कोरडवाहू रानें. पाऊस सरासरीनें पांचशें ते सहाशें मिलिमीटर. पण शेतकऱ्याच्या वांट्यास सरासरी कधींच येत नाहीं, येतो तो त्या वर्षाचा पाऊस. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी-नेवाशाचीं शेतें भिजवीत इकडे येईपर्यंत त्याचें शेपूट झालेलें असतें. म्हणून दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. माणसास हत्याराचें नांव मिळावें, यांतच त्या जिण्याचा सारांश आला. हंगामाचा पट्टा पडल्यावर, उन्हाळा तोंडावर आला असतां, हीं माणसें परततात.

यांतून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन डिसेंबरांत नागपुरास भरतें; संसदेचें हिवाळी अधिवेशनही त्याच सुमारास. म्हणजे ज्यांच्या दुःखाची चर्चा व्हावयाची, ते नेमके त्या वेळीं गांवीं नसतात. प्रतिनिधि आपल्या मतदारसंघाचें गाऱ्हाणें मांडीत असतो आणि मतदार सांगली-कोल्हापूरच्या फडांत पाचटावर निजलेला असतो. अशा मुलुखाच्या प्रतिनिधीवर इतरांहून दुप्पट भार पडतो, हें आधीं मान्य केलें पाहिजे.

आतां त्या पत्रकाकडे वळूं. सभागृहांत पत्रकें टाकण्याची आठवण निघाली कीं ८ एप्रिल १९२९ रोजीं दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळांत भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं केलेलें कृत्य डोळ्यांपुढें येतें. परंतु तेथें सभागृहच परक्यांचें होतें. येथें तें आपलें होतें. ज्या सभेस आपण निवडून दिलें तिच्याच डोक्यावर कागद टाकावा लागावा, हा त्या कृतीचा खरा अर्थ. नियम मोडला गेला यांत शंका नाहीं. पण विधिमंडळाच्या नियमांतच ‘लक्षवेधी सूचना’ नांवाचें एक आयुध आहे, आणि १९६८ चें तें पत्रक म्हणजे ज्यास बाक नाहीं अशा माणसानें मांडलेली लक्षवेधीच होती. तिचा गुण एकच, पण मोठा: तिनें पाथर्डी हें नांव ऐकवलें. तिचा दोषही तितकाच उघड: पत्रकास उत्तर देण्याचें बंधन कोणावरही नसतें.

आंत प्रवेश मिळाल्यावर हें बंधन उत्पन्न होतें. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, अर्ध्या तासाची चर्चा, हीं सर्व आयुधें मंत्र्यास उभें करतात. परंतु तीं त्यास बोलावयास लावतात, करावयास लावीत नाहींत. शिवाय दुष्काळ सभागृहांत शिरतो तो पैसेवारीच्या रूपानें. पीक पन्नास पैशांच्या आंत असल्यास टंचाई, वर असल्यास नाहीं. आणि खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर व्हावयाची ती हिवाळ्यांत, गाड्या निघून गेल्यावर. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेनें पाऊस, जमिनीचा ओलावा, वनस्पतींची स्थिति असे निर्देशांक आणले, हें सुधारणेचें पाऊल खरें. तरी गांव सोडून गेलेलें कुटुंब कोणत्याच निर्देशांकांत दिसत नाहीं.

येथें तुलनेसाठीं दुसरें एक नांव घेणें आम्हांस अवश्य वाटतें: विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे. त्यांनींही दुष्काळच पाहिला होता. १९६५ च्या सुमारास तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें त्यांच्या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत तिची महती पटली. १९७७ मध्यें रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. २००५ च्या केंद्रीय कायद्यापुढें हाच नमुना होता. या कायद्याचें मर्म त्याच्या क्रियापदांत आहे. ‘सरकार मदत करील’ असें तो म्हणत नाहीं. काम मागणाऱ्यास काम देणें सरकारवर बंधनकारक आहे, असें म्हणतो. याचना संपते आणि हक्क सुरू होतो तो या एका क्रियापदापाशीं.

या कसोटीवर ढाकणे यांचें कार्य कोठें उभें राहतें? ऊसतोड कामगारांस एकत्र आणण्यांत आणि त्यांच्या वतीनें रस्त्यावर व सभागृहांत भांडण्यांत त्यांचें श्रेय निःसंशय आहे. परंतु लोकांच्या स्मरणांत त्यांचें नांव संघर्षाशीं निगडित आहे, एखाद्या कायद्याशीं नाहीं. ऊसतोडीचा दर आजही कारखान्यांचा संघ व कामगार संघटना यांच्या वाटाघाटींत ठरतो. जानेवारी २०२४ मध्यें ३४ टक्के वाढ मिळाली तीही करारानेंच. करार चांगला असेल, पण तो दर खेपेस पुन्हां भांडून मिळवावा लागतो. कायदा मात्र एकदां झाला कीं भांडणाऱ्याच्या मागेंही उरतो.

तरी सगळा दोष त्या एका व्यक्तीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पागे सभापतिपदावरून बोलत होते. ढाकणे यांचा पुष्कळ काळ विरोधी बाकांवर गेला. संसदेंत खाजगी सभासदाचें विधेयक १९७० नंतर एकही संमत झालेलें नाहीं, आणि त्यापूर्वींही अवघीं चौदाच झालीं. नववी लोकसभा सव्वा वर्षांतच बरखास्त झाली, आणि ज्या मंत्रिमंडळांत ते होते तें सत्तेवर राहिलें जेमतेम सात महिने. तेव्हां उणीव माणसाची जितकी, तितकीच संस्थेचीही आहे. जी संस्था विरोधी सभासदास ओरडण्याची मुभा देते आणि लिहिण्याची देत नाहीं, तिनें त्याच्या ओरडण्याबद्दल तक्रार करूं नये.

हा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें याच कोरड्या मुलुखांत अतिवृष्टीनें शेतें वाहून गेलीं. दुष्काळाच्या भाषेंत महापुराचें गाऱ्हाणें मांडतां येत नाहीं, म्हणून ‘हवामान-बदल’ हा नवा शब्द सभागृहांत रूढ झाला आहे. शब्द शास्त्रशुद्ध आहे. पण त्यांत एक धोका आहे. दुष्काळाचें उत्तर तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत कोणाला तरी द्यावें लागे. हवामान-बदल हा साऱ्या जगाचा अपराध ठरल्यामुळें त्याचें उत्तर कोणीच देऊं नये, अशी सोय होऊं पाहते. २००८ ची राष्ट्रीय कृति-योजना ही योजना आहे, कायदा नव्हे. हवामान-बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला. म्हणजे बंधनाचें क्रियापद न्यायालयाच्या लेखणींतून आलें, ज्यांस आपण निवडून देतों त्यांच्या लेखणींतून नव्हे.

आमच्या मतें ढाकणे यांच्या चरित्राचें मोल याच ठिकाणीं आहे. उपेक्षित तालुक्याचा आवाज गॅलरींतून बाकापर्यंत कसा पोंचतो, हें त्यांनीं दाखविलें. बाकापासून कायद्याच्या कलमापर्यंतची वाट त्यांच्या वारसांस अद्याप चालावयाची आहे. सुशिक्षित वाचक आपल्या प्रतिनिधीची वाखाणणी करतांना बहुधा त्याच्या आवाजाची उंची सांगतो. त्यानें यापुढें असें विचारावें कीं, तुमच्या भाषणांतून शासनावर नेमकें कोणतें बंधन आलें, आणि कोयता खांद्यावर घेऊन गेलेल्या माणसास तें परक्या जिल्ह्यांतही मागतां येईल काय? या प्रश्नास ज्याच्याजवळ उत्तर असेल, त्याच्या वक्तृत्वाची दखल वाङ्मयाच्या इतिहासानेंही घ्यावी.