‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ : एका चरित्रपटाची कालमर्यादा

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यातील तीनचार वर्षांपुरताच आहे. चलच्चित्राचे प्रथम दर्शन, १९१२ मधील लंडनची वारी, ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’चे प्रदर्शन आणि पुढील वर्षीचे लंडनमधील कौतुक, एवढाच त्याचा आवाका.

शीर्षकातील ‘फॅक्टरी’ हा शब्द विचारार्ह आहे. चित्रपटात काम करणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. म्हणून नटांनी, कोणी विचारल्यास, आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीस आहोत असे सांगावे, अशी युक्ती फाळके योजतात. नव्या धंद्याला भाषेत प्रतिष्ठित नाव नव्हते; त्याने परक्या पण पगारी शब्दाचा आडोसा घेतला. (जादूचे प्रयोग करताना हेच गृहस्थ आडनावातील अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केळफा’ होत असत.)

चित्रपटाचा सूर विनोदी आहे, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. घरातील सामान विकले जाते, दृष्टी धोक्यात येते, शेजारी वेड्यात काढतात. तरी नंदू माधव यांचे फाळके हसतमुख राहतात. पूज्यभावाने गुदमरलेल्या चरित्रपटांच्या मानाने हा मोकळेपणा सुखद वाटतो. परंतु फाळक्यांचा हट्ट हा येथे दोष न राहता गंमत होतो. यशाची खात्री असलेल्या प्रेक्षकाला त्या संसाराची भीती वाटतच नाही. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सर्व भार वाहतात. मात्र त्यांचा होकार इतका सहज येतो की, नकार शक्य होता हा विचारही मनात येत नाही. भोवतालच्या पुरुषांचे तसे नाही. स्त्रीभूमिकेसाठी मिशा काढण्यावरून ते अडून बसतात आणि त्यांची समजूत घालावी लागते.

फॅक्टरी म्हणजे अनेकांचे संघटित श्रम. ही अट फाळक्यांना कितपत मानवली, याचा निकाल १९१४ नंतर लागला. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भागीदारांशी न पटल्याने ते बाहेर पडले, काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ मध्ये परतले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. मूकपट म्हणून घेतलेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला, ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १९४४ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

ज्या हट्टाने ‘राजा हरिश्चंद्र’ घडविला त्यानेच ही कंपनी मोडली काय, हा चरित्रकाराचा खरा प्रश्न आहे. मोकाशी तो आपल्या कालमर्यादेबाहेर ठेवतात. ही निवड कलावंताचा हक्क म्हणून मान्य केली, तरी तिच्यामुळे द्रष्टा तेवढा दिसतो, माणूस अर्धाच उरतो. काशीतले अबोल, चिडलेले फाळके नंदू माधव यांनी समर्थपणे उभे केले असते. ती संधी त्यांना मिळाली नाही.