बिननावाची पोर

माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे निघाले की वाटेत दापोडे लागते. एके काळची भातखाचरे आता गोदामांखाली गेली आहेत. पत्र्याच्या छपरांचे गाळे, त्यांच्या तोंडाशी पाठ लावून उभे असलेले कंटेनर आणि आत छतापर्यंत रचलेली खोकी. प्रत्येक खोक्यावर लेबल: कुठून निघाले, कुणाकडे जायचे, वजन किती. खोके ज्याच्या पाठीवरून गेले त्याचे नाव लेबलावर नसते. ते तिथे असावे असे कुणाला वाटतही नाही.

या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो की मला बायबलमधला एक अध्याय आठवतो. जुन्या करारातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा पाचवा. देव दीनदुबळ्यांना हाताशी धरून आपले काम करतो, हे ख्रिस्ती प्रवचनांत वारंवार ऐकू येणारे सूत्र. वारंवार ऐकल्याने ते गुळगुळीतही झाले आहे. या अध्यायात मात्र त्याला अजून धार आहे.

गोष्ट सुरू होते ती एका बड्या माणसापासून. नामान, अरामच्या राजाचा सेनापती. निवेदक त्याच्यावर एकामागून एक बिरुदे चढवत जातो: धन्याच्या नजरेत थोर, मानमरातबाचा, विजय मिळवून देणारा, शूर वीर. मूळ हिब्रूत या वाक्याचा शेवटचा शब्द आहे ‘कोडी’. पायरी पायरीने मनोरा रचायचा आणि शेवटच्या एका शब्दाने तो खाली आणायचा. ‘पण’देखील मध्ये नाही. मराठी भाषांतरांत आपण तो घालतो, कारण आपल्याला सावरून घ्यायची सवय आहे.

लगेच पुढे दुसरे पात्र येते. अरामी टोळ्यांनी इस्राएलवर धाड घातली, तेव्हा एक लहान मुलगी धरून आणली. ती नामानच्या बायकोच्या सेवेला आहे. बस्स, एवढेच. नाव नाही, गाव नाही, आईबापांचा पत्ता नाही. बिरुदांच्या ढिगाऱ्यापुढे हे एवढेसे वाक्य ठेवताना निवेदकाने काहीही अधोरेखित केलेले नाही. थोर पुरुष आणि लहान मुलगी, दोघे शेजारी शेजारी उभे केले आणि तो बाजूला झाला.

ही मुलगी अख्ख्या अध्यायात एकदाच बोलते. मालकिणीला म्हणते, आमचे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्यासमोर असते तर किती बरे झाले असते, त्याने त्यांना बरे केले असते. तिच्या तोंडी आलेला ‘समोर’ हा शब्द हिब्रू मजकुरात धाग्यासारखा फिरतो. नामान आपल्या राजा‘समोर’ थोर आहे. मुलगी मालकिणी‘समोर’ उभी आहे, म्हणजे हुकमाची वाट पाहत. आणि तिला वाटते, धन्याने संदेष्ट्या‘समोर’ उभे राहावे. कुणी कुणासमोर उभे राहायचे, याचा सगळा हिशेब ती दासी नकळत बदलून टाकते.

तिचे वाक्य वर चढू लागते, तसतसे ते बिघडत जाते. मालकिणीकडून नामानकडे, नामानकडून राजाकडे. राजा इस्राएलच्या राजाला पत्र लिहितो की मी माझा सेनापती पाठवत आहे, त्याचे कोड घालव. संदेष्टा पत्रातून गायब! मुलीने सांगितलेली एकुलती एक कामाची गोष्ट दरबारी टपालात गळून पडली. पत्राबरोबर दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोने आणि दहा पोशाख. नुसती चांदीच आजच्या मापाने तीनशे किलोंच्या वर भरेल. दापोड्यात तिला एक छोटा टेम्पो लागला असता. पत्र वाचून इस्राएलचा राजा कपडे फाडतो. त्याला वाटते, ही लढाईची कुरापत आहे. दोन राजांना मिळून जे कळले नाही, ते एका बंदिवान पोरीला ठाऊक होते.

पुढे नामान रथ-घोडे घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारात येतो. अलीशा बाहेरही येत नाही. निरोप्याकरवी सांगतो: यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. दिमिष्कातल्या अबाना आणि पर्पर या नद्या काय वाईट होत्या? त्याला काहीतरी भव्य हवे होते: समोर येणे, हात फिरवणे, देवाच्या नावाचा पुकारा. या क्षणी पुन्हा बिननावाची माणसे पुढे होतात. त्याचे नोकर त्याला ‘बाप’ अशी हाक मारून समजावतात: अवघड काही सांगितले असते तर केलेच असते ना, मग हे तर नुसते धुऊन येणे आहे. रागाने तापलेल्या धन्याशी चाकराने कसे बोलावे, याचा हा वस्तुपाठ आहे. मायाही आहे आणि किंचित चिमटाही.

नामान उतरतो, बुडतो, बरा होतो. त्याची कातडी कशी झाली? लहान मुलासारखी. हिब्रूत सुरुवातीला मुलीसाठी जे दोन शब्द वापरले होते, तेच इथे पुल्लिंगात येतात: ‘नआरा कटन्ना’ आणि ‘नआर काटोन’. लहान मुलगी, लहान मुलगा. थोर माणूस बरा झाला तो त्या पोरीच्या मापाचा होऊन. आणि मगच तो माघारी येऊन संदेष्ट्या‘समोर’ उभा राहतो. तिचे वाक्य आता पुरे होते.

मराठी वाचकाला इथे नामदेवांच्या घरची जनाबाई आठवेल. तिच्या जात्याला साक्षात विठ्ठलाने हात लावला. पण जनीपाशी तिचे नाव होते, तिचे अभंग होते. या पोरीचे एवढे एक वाक्य सोडून काही उरलेले नाही. पुढे नव्या करारात, नासरेथच्या सभास्थानात, येशू नामानचा दाखला देतो. परका माणूस बरा झाला हे ऐकून गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघतात. लूकने नोंदवलेल्या त्या दाखल्यातही मुलगी नाही.

लहान माणूस म्हणजे आपोआप भला, असेही ही गोष्ट म्हणत नाही. अलीशाचा चाकर गेहजी नामानच्या मागे धावतो, खोटे बोलून चांदी उकळतो आणि नामानचे कोड त्याला चिकटते. त्याला झापताना अलीशा विचारतो, चांदी घेऊन जैतुनांचे मळे, द्राक्षांचे मळे, गुरेमेंढरे, दास आणि दासी घेण्याची ही वेळ आहे काय? चांदीने विकत मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत शेवटचा शब्द दासी. मला तिथे थबकायला होते. नामान निरोगी झाला, पण ती पोर घरी गेली का? निवेदक सांगत नाही. देवाने तिच्याकरवी काम केले म्हणून तिला पळवून आणणे योग्य ठरत नाही. सुटका झाली ती धन्याची. तिची सांगायची राहून गेली, आणि गोष्टीतली ही मोकळी जागा कुठल्याही प्रवचनाने बुजवू नये.

ती जागा थोडी भरलेली मला केडगावात दिसते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली तिथल्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी सगळे बायबल उतरवले. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला. तो छापला मुक्तीच्याच छापखान्यात, बायका-मुलींच्या हातांनी. त्यांतल्या कुणीतरी ‘दुसरे राजे’चा पाचवा अध्यायही खिळ्याखिळ्याने जुळवला असणार. घर सुटलेल्या मुलीने घर सुटलेल्या मुलीचे वाक्य उलट्या अक्षरांत लावले, शाई फिरवली आणि ते कागदावर सुलट उमटले.

तिचेही नाव पुस्तकावर नाही. पण ती पळवून आणलेली नव्हती, आणि वाक्य तिने स्वतः वाचलेले होते.