विजय अय्यर यांच्या पियानोतला श्वास

विजय अय्यर यांच्याविषयी लिहिणारे दोन गोष्टी हटकून सांगतात. ते येल विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, आणि त्यांचे आईवडील तमिळ. पहिलीवरून त्यांच्या जॅझवर कोरड्या हिशेबाचा शिक्का बसतो, दुसरीमुळे त्यात राग शोधले जातात. मला हे दोन्ही रस्ते चुकीचे वाटतात. त्यांचं तीन दशकांचं काम सलग ऐकलं, की जाणवतं ते शरीर: चाल, धाप, थबकणं, पुन्हा पाऊल उचलणं.

१९७१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथे जन्मलेल्या अय्यर यांनी लहानपणापासून रीतसर शिक्षण घेतलं ते व्हायोलिनचं. पियानो बहुतांशी कानानंच आला. पुढे बर्कलीत भौतिकशास्त्र शिकत असताना सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांची साथ मिळाली आणि विज्ञान मागे पडलं. १९९८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीतावरच्या प्रबंधासाठी. लय कळते ती चालणाऱ्या, बोलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या शरीरामुळे, हा त्याचा गाभा. समीक्षकांनी पदवी लक्षात ठेवली आणि प्रबंध मात्र बाजूला टाकला.

या विचाराला खरं रूप आलं ते डबल बेसवर स्टीफन क्रम्प आणि ड्रम्सवर मार्कस गिलमोर या त्रिकुटात. गिलमोर हे थोर ड्रमवादक रॉय हेन्स यांचे नातू. २००९ च्या ‘हिस्टॉरिसिटी’ या तबकडीत रॉनी फॉस्टर यांची ‘मिस्टिक ब्रू’ ही जुनी रचना आहे. तिथे ठोक्याचे दोन समान भाग होत नाहीत. लांब आणि आखूड तुकड्यांची प्रमाणं फिबोनाची क्रमातून घेतली आहेत, ५ ला ३, ८ ला ५ अशी. कागदावर हे गणितच. कानाला मात्र किंचित लंगडत पण ठामपणे चालणारा माणूस ऐकू येतो. तबल्याच्या साथीत तिश्र, खंड जाती ऐकलेल्या आपल्या श्रोत्याला ही वाट फार परकी वाटू नये. २०१२ च्या ‘अॅक्सेलरांदो’त मायकल जॅक्सन यांचं ‘ह्यूमन नेचर’ येतं आणि त्याच तबकडीत ड्यूक एलिंग्टन, हर्बी निकल्स आणि हेन्री थ्रेडगिलही. हा वारसा अय्यर यांनी कधी लपवलेला नाही. ते कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताचे शिष्य आहेत, आणि त्यांचं भारतीयपण त्या घरात राहूनच बोलतं.

म्हणूनच २०११ चा ‘तीर्थ’ मला कमी पडलेला वाटतो. गिटारवर प्रसन्ना, तबल्यावर नितीन मित्ता, दोघेही पक्क्या तयारीचे. पण तिथे अय्यर यांचा पियानो सावध होतो, पाहुण्यासारखा सौजन्यानं जागा करून देतो. भारताशी त्यांचं अधिक खोल नातं जुळलं ते चित्रकार नसरीन मोहमदी यांच्यामुळे. मुंबईत काम केलेल्या, बडोद्यात शिकवलेल्या आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला निवर्तलेल्या नसरीन यांच्या रेषांवर अय्यर आणि ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांनी सात भागांची रचना केली: २०१६ चं ‘अ कॉस्मिक ऱ्हिदम विथ ईच स्ट्रोक’. इथे ना तबला, ना तानपुरा. एक स्वर लागतो, विरतो, आणि दुसरा कधी येणार याची वाट पाहायला लावतो. नसरीन यांच्या कागदावरही दोन रेषांमधल्या रिकाम्या जागेला असाच ताण असतो.

२०१३ साली मॅकआर्थर फेलोशिप आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डचं प्राध्यापकपद मिळालं. अशा मानसन्मानानं कलावंत निवांत होतो; अय्यर अधिक अस्वस्थ झाले. अमेरिकेतल्या पोलिसी हिंसेविरुद्धच्या आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी २०१४ साली लिहिलेली ‘कॉम्बॅट ब्रीदिंग’ २०२१ च्या ‘अनईझी’त आली, तोवर पोलिसांच्या हातून श्वास कोंडून झालेला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू जगानं पाहिला होता. शीर्षकातला श्वास तेव्हा फार जवळून ऐकू आला.

या तबकडीतलं त्रिकूट नवं आहे, बेसवर लिंडा मे हान ओ आणि ड्रम्सवर टायशॉन सोरी. माझ्या मते हे जुन्यापेक्षा मोकळं आहे. क्रम्प-गिलमोर यांच्याबरोबर कधी कधी वीण इतकी घट्ट व्हायची की सुरावटीला वाव उरत नसे. सोरी स्वतः संगीतकार, २०२४ चे पुलित्झर विजेते. कुठे वाजवू नये हे त्यांना नेमकं कळतं. याच तबकडीत जेरी ॲलन यांची ‘ड्रमर्स साँग’ आहे. २०१७ साली गेलेल्या या पियानोवादिकेचं ऋण अय्यर फेडत आले आहेत, आणि २०२४ च्या ‘कम्पॅशन’मध्येही ते याच रचनेकडे परतले. पियानो इथे आधी तालवाद्य होतो; डाव्या हाताचं आवर्तन हटत नाही, उजवा हात त्याच्याशी भांडत पुढे जातो. अय्यर नव्यानं ऐकू पाहणाऱ्यानं ‘तीर्थ’ऐवजी इथून सुरुवात करावी.