भुताचे भाषांतर

भुताखेतांचे चित्रपट आमच्या धर्मग्रामांत कौतुकाने पाहिले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. अंगावर काटा आणणे एवढाच ज्यांचा हेतू, त्यांच्यावर दोन तास दवडण्यापेक्षा कुटुंबाने एकत्र बसून जपमाळ म्हणावी, असेच आम्ही आजवर सांगत आलो. तरीही विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी चित्रपट आणि त्यांनीच पुन्हा हिंदीत केलेला ‘छोरी’ (२०२१) यांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले. या दोन्ही चित्रपटांतले खरे भूत स्मशानात राहत नाही. ते माजघरात राहते.

कथा थोडक्यात अशी. नेहा गरोदर आहे, दिवस भरत आले आहेत. तिचा पती तुषार देणेकऱ्यांच्या तावडीत सापडतो आणि दोघे ड्रायव्हर भाऊरावच्या गावी, उसाच्या रानात दडलेल्या एकाकी घरी आश्रयाला जातात. भाऊरावची पत्नी तुळसाबाई नेहाची काळजी घेते. मग नेहाला तेथे खेळणारी मुले दिसू लागतात. शेवट सांगून आम्ही रसभंग करीत नाही. मात्र या घराला मुलगी नको आहे, आणि त्या एका हट्टापायी तेथे रक्त सांडले आहे, एवढे सांगितल्यावाचून पुढची चर्चा होणार नाही.

‘लपाछपी’चे बळ तुळसाबाईत आहे. उषा नाईक यांनी ती बाई अशी उभी केली आहे की पहिला अर्धा तास आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. ती जेवूखाऊ घालते, हवे-नको पाहते, आणि तिची ग्रामीण बोली आपल्या आत्या-मावश्यांची वाटते. पुढे त्याच मायेच्या आवाजात क्रौर्य बोलू लागते, तेव्हा प्रेक्षक दचकतो तो भुताला नव्हे, ओळखीला. पूजा सावंत यांची नेहा या मायेत हळूहळू कशी अडकत जाते, हेही पाहण्यासारखे आहे.

चित्रपट एका भाषेतून दुसरीत नेताना काय टिकते व काय गळते, हा प्रश्न जुना आहे. हिदेओ नाकाता यांचा जपानी ‘रिंगू’ (१९९८) अमेरिकेत गोर व्हर्बिन्स्की यांनी ‘द रिंग’ (२००२) म्हणून केला, तेव्हा कथा अमेरिकन शहरात गेली. ताकाशी शिमिझु यांनी मात्र आपल्याच ‘जु-ऑन’चे अमेरिकन रूप ‘द ग्रज’ (२००४) करताना शापित घर टोकियोतच ठेवले आणि आत राहणारी माणसे अमेरिकन केली. फुरिया यांनीही शिमिझु यांच्याप्रमाणे आपलीच कथा पुन्हा सांगितली. पण त्यांनी घरच हलविले.

‘छोरी’त नेहाची साक्षी झाली, तुळसाबाईची भन्नो देवी झाली आणि बोली उत्तरेकडची आली. नुसरत भरुचा यांनी साक्षीची घालमेल प्रामाणिकपणे दाखविली आहे, आणि मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी भेदक आहे. हिंदीमुळे व ॲमेझॉन प्राइम व्हिडिओमुळे ही कथा मराठीच्या सीमेपलीकडच्या असंख्य घरांत पोहोचली, हे मोठेच काम झाले. परंतु भन्नो देवीची जरब प्रथमदर्शनीच जाणवते. प्रेक्षक सावध होऊन बसतो. तुळसाबाईने जो विश्वास आधी मिळविला आणि मग मोडला, तो येथे मिळतच नाही. भूत भाषांतरित झाले. माया झाली नाही.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने आणखी एक हानी आहे. ‘छोरी’ पाहून तो सहज म्हणेल, “हे तिकडे उत्तरेत चालते.” आकडे काय सांगतात? सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली हरियाणात २००१ साली ८१९ होत्या, त्या २०११ साली ८३४ झाल्या. महाराष्ट्रात त्याच दहा वर्षांत त्या ९१३ वरून ८९४ वर आल्या. हरियाणाची अवस्था आपल्याहून वाईट होती, पण ती सुधारत होती. आपण घसरत होतो. आणि हे त्या राज्यात घडले, ज्याने गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला.

आम्ही हे वाशीम जिल्ह्यातील धनजहून लिहीत आहोत. येथे शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. उसाचे रान नाही. तेव्हा ‘लपाछपी’ पाहूनही “हे तिकडे ऊसपट्ट्यात चालते” असे म्हणून आम्हांला अंग काढून घेता येईल. आणि ख्रिस्ती माणूस आणखी एक पायरी पुढे जाऊन म्हणेल, “हे आपल्या लोकांत नसते.” या पळवाटा बंद करणे हेच अशा चित्रपटाचे काम होय.

निर्गमच्या पुस्तकातील शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी फारोची आज्ञा मोडून बालके वाचविली, कारण त्यांना देवाचे भय होते. तुळसाबाईलाही भय आहे; पण ते घराण्याचे, वंशाचे, चार लोकांचे. आपण कोणाला भितो, यावर आपल्या हातून जीवन वाचेल की जाईल हे ठरते. भयपटाकडून याहून मोठा धडा मिळाल्याचे आम्हांला आठवत नाही.

आपल्या घरांत रक्त सांडत नसेल. पण स्नानसंस्काराच्या दिवशी, देवळाच्या दारात, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मुलीकडे पाहून कोणी मायेनेच म्हणते, “मुलगी का? असू दे.” हे ‘असू दे’ आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो, आणि त्यावर आम्हीही पुष्कळदा नुसते हसून पुढे गेलो. तुळसाबाईचा आवाज ऐकल्यावर ते हसू आम्हांला आठवले.

हे चित्रपट लहान मुलांना दाखवू नयेत. मात्र नवविवाहितांनी आणि सासू-सासऱ्यांनी एकत्र बसून निदान ‘लपाछपी’ तरी पाहावा. पाहून झाल्यावर दिवा लावावा आणि आपल्या घरातील मुलींची नावे घेऊन देवाचे आभार मानावेत. त्या आभारात ‘असू दे’ हा शब्द नसावा.