एका सुराचा मेळा

भजनात दहा जण एकच सूर लावतात, पण तो काटेकोर एक कधीच नसतो. कुणाचा गळा किंचित चढा, कुणाचा किंचित उतरलेला. कुणी निमिषभर मागून येऊन मिळतो. या बारीक तफावतीतच समूहस्वराचे ऐश्वर्य असते. सिंथेसायझरमधला ‘कोरस’ हीच तफावत यंत्राने घडवतो. मूळ ध्वनीची प्रत क्षणाच्या अल्पांशाने मागे ठेवायची आणि तो विलंब सावकाश कमीजास्त करायचा. त्यामुळे प्रतीचा सूर हलतो आणि एकाचे अनेक झाल्याचा भास होतो.

नुसता भास? रसिकांत एक मत रूढ आहे, की अस्सल ध्वनी अशा प्रसाधनावाचून उभा राहिला पाहिजे. रोलँड कंपनीचे १९८२ सालचे जूनो-६० हे वाद्य या मताला उत्तर देते. त्यात एका वेळी सहा स्वर वाजतात आणि प्रत्येकामागे मुख्य ऑसिलेटर एकच. कोरस बंद असता आवाज सडपातळ वाटतो. कळ दाबताच तो डावीउजवीकडे पसरतो, कारण एका बाजूच्या प्रतीचा सूर चढत असता दुसरीचा उतरत असतो. इथे कोरस हा दागिना नव्हे. वाद्याचा गळाच तो.

फ्लँजर याच कुळातला, पण स्वभावाने निराळा. त्याचा विलंब फार तोकडा, सामान्यतः १ ते १० मिलिसेकंद; शिवाय बाहेर पडलेला ध्वनी पुन्हा आत सोडता येतो. विलंब १ मिलिसेकंद असेल, तर मूळ ध्वनी व प्रत मिसळताना ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा जागी आवाज पुसला जातो. विलंब बदलला की या पोकळ्या सरकतात आणि ती परिचित सळसळ उठते. उपस्वरांनी भरलेल्या ध्वनीवर, वाऱ्यासारख्या खरखरीवर ती शोभते. पण दीर्घ स्वरमेळावर सतत चालू ठेवली, तर कान स्वरमेळ सोडून तिच्याच मागे धावतो.

म्हणून परिणाम काढून ध्वनी टिकतो का, हा प्रश्न मला गौण वाटतो. परिणाम दिल्यावर ऐकू कोण येते, हे विचारावे. जूनोच्या कोरसातून जूनोच ऐकू येतो. पुष्कळदा फ्लँजरमधून मात्र फ्लँजरच.